घरातली बारा बोअर : आधी उजेडात बघा, मग तेल लावा

आमच्या घरी एक दुनळी बारा बोअर बंदूक आहे. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात अशा बंदुका पाच-सहा घरांत असतील. काहींकडे ठासणीच्या, काहींकडे काडतुसाच्या. सगळ्यांचे परवाने पिकाच्या राखणीसाठीचे. भात पोटरीला आला की रात्री रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवून जातात. डुक्कर काही आपल्या ताटातले जनावर नाही, पण आपले ताट मात्र ते हिरावून नेते. म्हणून ही बंदूक घरात आली, आजोबांच्या काळात, आणि त्यांच्यानंतर अब्बांच्या नावावर झाली.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या आधी नेहमीप्रमाणे बंदूक जमा करायची सूचना आली. अब्बांची तब्येत तेव्हाच उतरली होती. तरी त्यांनी ओटीवर बसून बंदूक पुसली, तेल दिले आणि आत दमट हवा जाऊ नये म्हणून तेलात भिजवलेल्या फलालीनच्या चिंधीचे दोन बोळे करून दोन्ही नळ्यांच्या तोंडात घातले. चिंध्या मीच फाडून दिल्या होत्या. बंदूक गेली ती गेलीच. निवडणूक झाली आणि त्याच पावसात अब्बा अल्लाहला प्यारे झाले. मग वारसाचा अर्ज, पोलिसांचा अहवाल, मध्ये लॉकडाऊन. भाईच्या नावावर परवाना होऊन बंदूक घरी यायला २०२१ चा सप्टेंबर उजाडला.

ती संध्याकाळ मला चांगली आठवते. आदल्या रात्रीच डुकरांनी खालच्या शेताचा एक कोपरा साफ केला होता. भाई बंदूक घेऊन आला तो सरळ शेतावर राखणीला जायच्या तयारीत. काडतुसे खिशात. अम्मी मगरिबची नमाज आटोपून बाहेर आली आणि म्हणाली, "आधी मोडून उजेडात बघ. तुझे अब्बा घरात आलेली बंदूक बघितल्याशिवाय भिंतीलासुद्धा टेकवत नव्हते."

भाईला घाई होती, पण अम्मीचा शब्द होता. त्याने बंदूक मोडली, ट्यूबलाइटकडे धरली आणि मागून डोळा लावला. उजव्या नळीत स्वच्छ गोल उजेड दिसला. डाव्या नळीत अंधार होता.

उजव्या नळीतला बोळा कुणीतरी मध्ये कधी काढून टाकला असावा. डावा मात्र आत सरकला होता, बाहेरून दिसतच नव्हता. दोन वर्षांत तेल वाळून तो लाकडासारखा घट्ट झाला होता. मागून गज घालून ठोकत ठोकत बाहेर काढावा लागला. त्या रात्री डाव्या नळीतून बार काढला असता तर काय झाले असते, ते आज लिहितानाही हात थांबतो. अब्बांनी बोळा काळजीपोटी घातला होता. पण पुढे कोण कधी बंदूक उघडेल, हे त्यांना कुठे ठाऊक होते?

म्हणून हा लेख. बंदूक साफ करणे म्हणजे ती चकचकीत करणे नव्हे. साफ करताना माणूस ती उघडतो, रिकामी आहे की नाही ते बघतो, कुठे अडथळा आहे, कुठे गंज आहे ते शोधतो. तेल हा त्या कामाचा शेवट आहे, सुरुवात नाही. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्या घरातल्या प्रत्येकाला, बंदुकीला कधी हात न लावणाऱ्या बायकांनाही, एवढे माहीत असले पाहिजे.

अडथळ्याने नळी का फाटते?

काडतुसात दारूच्या पुढे एक बूच असते आणि त्याच्या पुढे छर्रे. दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो वायू बूच आणि छर्रे पुढे ढकलतो. नळी मोकळी असेल तर सगळे पुढे निघून जाते आणि दाब झटकन उतरतो. पण वाटेत चिंधी, चिखल, कुंभारमाशीचे मातीचे घर किंवा आधीच्या काडतुसाचे अडकलेले बूच असेल, तर वेगाने येणारे छर्रे तिथे अडतात आणि मागून येणारा दाब त्याच एका जागी भिंतीवर पडतो. बारा बोअरची नळी पुढच्या अंगाला पातळ असते. ती तिथे फुगते किंवा फाटते. आणि नेमका पुढचा हात नळीखाली असतो.

कोकणातल्या वाचकांना कुंभारमाशीचे वेगळे सांगायला नको. दाराच्या कडीच्या भोकात, नळाच्या तोंडात, टांगलेल्या पिशवीत ती मातीचे घर करते. महिनाभर उघडी टांगलेली बंदूक तिला आयतीच जागा.

आणखी एक धोका काडतुसाचा आहे. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीची जी जाडी, ती त्या नळीची आतली जाडी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअर म्हणजे पौंडात वीस गोळ्या. म्हणजे आकडा मोठा, पण नळी लहान. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये टाकले तर ते मागे न थांबता घसरत पुढे जाते आणि थोड्या अंतरावर अडकते. मागून बघणाऱ्याला घर रिकामे दिसते. तो बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढचे सांगायला नको. हा घोटाळा होऊ नये म्हणूनच बहुतेक कंपन्या वीस बोअरचे काडतूस पिवळ्या रंगात करतात. घरात दोन मापांच्या बंदुका असतील तर दोन्हींची काडतुसे एका डब्यात, एका खिशात कधीही ठेवू नयेत.

साफ करायला बसण्याआधी

पहिले काम घर आवरण्याचे. लहान मुले त्या खोलीत नकोत. काडतुसे तर त्या खोलीतच नकोत. ती दुसऱ्या कपाटात, कुलपात. स्वयंपाकघर किंवा जेवणाची जागा यासाठी वापरू नये. त्याचे कारण पुढे येईल. खिडकीजवळ, उजेडात, जमिनीवर जुनी चादर आणि तिच्यावर वर्तमानपत्र पसरावे.

मग बंदूक हातात घ्यावी. तोंड कोणाकडेही नाही, शेजाऱ्याच्या भिंतीकडेही नाही. चापावर बोट नाही. वरची कळ अंगठ्याने बाजूला सरकवून बंदूक मोडावी आणि दोन्ही घरे डोळ्यांनी बघावीत. नुसते बघून भागत नाही, बोट घालून चाचपावे. "काल मीच रिकामी केली होती," हे वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटले, त्यांच्याच हातून अपघात झाले आहेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कोणीही आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, थट्टेतसुद्धा नाही, अशी ताकीद दिली आहे. तीर घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला ओरखडाही येऊ नये, असेही त्यांनी शिकवले. तेव्हा तीर होते, आज काडतूस आहे. शिकवण तीच: हत्यार ज्याच्या हातात, आजूबाजूच्या प्रत्येकाची सलामती त्याच्या जिम्मेदारीत.

घरे रिकामी दिसली की नळ्या उजेडाकडे धरून मागून बघावे. दोन्हींमध्ये पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. जोडलेल्या बंदुकीच्या तोंडाकडून कधीही डोळा लावू नये.

साफसफाई, क्रमाने

दुनळी बंदूक तीन भागांत सुटते: नळीखालची पुढची लाकडी मूठ, नळ्या आणि दस्त्यासह मागचा भाग. आधी पुढची मूठ काढायची, मग बंदूक मोडून नळ्या बिजागरीतून उचलायच्या. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे, थांबावे.

नळीपासून सुरुवात करावी. वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा चुरगाळून नळीच्या मागून घालावा आणि गजाने पुढच्या तोंडातून बाहेर काढावा. वरवरची काजळी त्यातच निघून येते. गज नेहमी मागून पुढे जावा. म्हणजे घाण नळीच्या तोंडाकडून पडते, चापाच्या यंत्रात जात नाही.

मग गजाला पितळी तारांचा ब्रश लावून त्यावर बंदुकीचे सफाईचे द्रावण घ्यावे आणि आठ-दहा वेळा सलग आरपार फिरवावा. मध्येच दिशा उलटवू नये, तारा वाकतात. काडतूस बसते ती जागा आणि तिच्या पुढे नळी अरुंद होत जाते ती जागा, इथे घाण सर्वांत जास्त बसते. तिथे दारूची काजळी, शिशाचे राखाडी पट्टे आणि प्लास्टिकच्या बुचाचा पातळ थर असतो. द्रावण पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे, मग जुन्या सुती कापडाचे तुकडे घालत राहावे. शेवटचा तुकडा जसा गेला तसाच पांढरा बाहेर आला पाहिजे.

द्रावण मिळत नसेल तर पूर्वी लोक रॉकेल वापरत. रॉकेलने काजळी सुटते, पण ते उडून गेले की लोखंड उघडेच राहते. म्हणून रॉकेलनंतर कोरडे पुसून तेलाचा हात द्यावाच लागतो.

नळी पुसून झाली की पुन्हा उजेडात बघावी. आता नळीच्या आतल्या भिंतीवर उजेडाची वर्तुळे एकामागे एक आरशासारखी दिसतात. त्यात कुठे काळी सावली किंवा वाकडे कडे दिसले तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. बारीक ठिपके दिसले तर गंजाने खाल्लेले खड्डे आहेत. हे आपण घासून काढायचे नसते, दाखवायचे असते.

आता मागचा भाग. जुना दात घासायचा ब्रश घेऊन नळ्यांना टेकणारा सपाट चेहरा, त्यातली सुईची दोन भोके आणि काडतूस उचलणारी पट्टी यांतली काजळी काढावी. जिथे नळ्या बिजागरीवर फिरतात तिथे ग्रीसचा नखाएवढा ठिपका. चापाजवळ तेलाचा एक थेंब. बस्स. आतले यंत्र स्क्रू सोडवून उघडण्याचा मोह टाळावा. त्या कमानी ताणलेल्या असतात आणि ते काम परवानाधारक कारागिराचे आहे. रिकाम्या बंदुकीचा चापही उगाच ओढू नये. सुईला समोर काही अडवायला नसले की ती कालांतराने तुटते. कमान सैल करायचीच असेल तर त्यासाठी पितळी किंवा प्लास्टिकची नकली काडतुसे मिळतात.

शेवटी नळ्यांना आतून आणि बाहेरून बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. बोट फिरवले तर ओलसर लागावे, ओघळू नये. पुढच्या वेळी बार काढण्याआधी आतले तेल कोरड्या कापडाने पुसून टाकायचे, हेही लक्षात ठेवावे.

ठासणीच्या बंदुकीला पाणी

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू जळते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही, घन रूपात मागे राहतो. हे अवशेष क्षारांचे असतात आणि हवेतले पाणी ओढतात. सागरी हवेत सकाळचा बार संध्याकाळपर्यंत नळीला तांबूस करतो. काही जुन्या काडतुसांच्या टोपीतही असेच मीठ तयार करणारा मसाला असे.

इथे पुष्कळजण चूक करतात. ते वरून भरपूर तेल ओततात. फोडणीच्या तेलात मीठ टाकून बघा, विरघळते का? नाही. मीठ विरघळवायला पाणीच लागते. म्हणून ठासणीची बंदूक आधी गरम पाण्याने आणि साबणाने धुवायची असते. पाणी चांगले गरम असावे, म्हणजे लोखंड तापते आणि लवकर सुकते. धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून मगच तेल. धुण्याआधी ती भरलेली नाही याची खात्री गज आत घालून, बाहेरून त्याची लांबी ताडून करावी, कारण ठासणीची बंदूक मागून उघडून बघता येत नाही.

स्वयंपाकघरातले उपाय नकोत

तांब्या-पितळेची भांडी चिंच, लिंबू आणि राखेने लखलखतात. बंदुकीला हे चालत नाही. नळीवरचा निळसर काळा रंग हा लोखंडावर मुद्दाम आणलेला पातळ थर असतो. आंबट लावले की तो उतरतो आणि खालचे लोखंड उघडे पडते. विटेची पूड आणि सँडपेपरही नको. बाहेरून हलका तांबूस गंज आला असेल तर तेल लावून दिवसभर ठेवावे आणि जाड सुती कापडाने हळू चोळावे. पुष्कळदा तेवढ्याने निघतो.

खोबरेल तर कोकणात घरोघरी. पण थंडीत ते गोठते, जुने झाले की खवट होते आणि धूळ धरून ठेवते. गोडेतेल काही महिन्यांत चिकट होते. अगदीच काही नसेल तर शिलाई मशिनचे तेल बरे. ते पातळ असते आणि चिकटत नाही.

दस्त्याचे लाकूड बहुधा अक्रोडाचे असते. त्याचा शत्रू म्हणजे जास्तीचे तेल. बंदूक उभी ठेवली की नळीतले आणि यंत्रातले तेल उतरत उतरत दस्त्याच्या मानेत मुरते. लाकूड काळे पडते, मऊ होते आणि एक दिवस तिथेच तडकते. म्हणून तेल दिल्यावर पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून, कापडावर टेकवून ठेवावी. दस्त्याला वर्षातून एकदोनदा जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळून द्यावेत आणि उरलेले पुसून घ्यावे. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना आपोआप तापते आणि चिंध्यांचा ढीग स्वतःहून पेटू शकतो. त्या पाण्यात भिजवून टाकाव्यात किंवा बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात.

शिसे आणि घरातली मुले

छर्रे शिशाचे असतात आणि बार उडताना शिशाची बारीक धूळ नळीत आणि यंत्रावर बसते. साफ करताना ती हातावर, कपड्यावर, चटईवर येते. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. गर्भवती स्त्रीनेही त्यापासून लांब राहावे. म्हणून सांगितले की स्वयंपाकघर नको. काम संपले की चिंध्या आणि वर्तमानपत्र पिशवीत बांधून टाकावे, जाळू नये. हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत, मगच जेवणाला किंवा मुलाला हात लावावा. ते कपडे वेगळे धुवावेत. घरातल्या वाटीत किंवा ताटलीत सफाईचे द्रावण काढून घेऊ नये. त्यासाठी एक जुना डबा कायमचा बाजूला ठेवावा.

पावसाळ्याचे चार महिने

गंजाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. बंदूक चामड्याच्या किंवा कापडी म्यानात बंद करून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. म्यान नेआणीसाठी असते. चामडे आणि कापड हवेतला ओलावा पितात आणि लोखंडाला लावून ठेवतात. पोलादी कपाटात, कुलपात, मोकळी हवा लागेल अशी ठेवावी आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकाव्यात. दर पंधरा दिवसांनी काढून, उघडून, उजेडात बघून, तेलाच्या कापडाने पुसावी. माणसाच्या घामात मीठ असते. म्हणून शेवटचा हात कापडाचा असावा, बोटांचा नव्हे. नाहीतर कपाटात ठेवताना उमटलेले बोटांचे ठसे पंधरा दिवसांनी गंजाचे ठसे होऊन भेटतात.

नळीच्या तोंडात बोळा, बूच, कापूस काहीही घालू नये. त्याने ओलावा बाहेर राहत नाही, आतला आतच कोंडतो. आमच्या डाव्या नळीत बोळ्याच्या जागी गंजाचे कडे पडले होते. दमट हवेपासून वाचवण्यासाठी जे केले त्यानेच गंज आणला. निवडणुकीत किंवा दुसऱ्या कारणाने बंदूक जमा करावी लागली तर बाहेरून-आतून तेलाचा हात द्यावा, नळ्या उघड्या ठेवाव्यात, पावतीवर क्रमांक नीट लिहून घ्यावा. परत आल्यावर ती आपली बंदूक नाही, अनोळखी बंदूक आहे असे समजून पहिल्यापासून तपासावी.

कारागिराकडे कधी न्यावी

पुढची मूठ काढून, रिकामी बंदूक मिटून, दस्त्याची मान धरून हलकेच हलवावी. नळ्या खुळखुळल्या किंवा नळ्या आणि मागचा चेहरा यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली तर सांधा झिजला आहे. पोचा, फुगवटा, खोल खड्डे, आपोआप सुटणारा घोडा, न बसणारी सेफ्टी यांपैकी काहीही असेल तर बंदूक वापरू नये. आजोबा-पणजोबांच्या बंदुकांच्या नळीवर कधी कधी लाटांसारखी नक्षी दिसते. ती लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी असते, बहुधा काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचे काडतूस भरू नये. तसेच काही जुन्या बंदुकांची घरे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी असतात. त्यात ७० चे काडतूस बसते, पण बार उडाल्यावर उलगडायला त्याला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. काडतुसावर जी लांबी छापलेली असते ती उलगडल्यानंतरची असते. खात्री नसेल तर कारागिराकडून मोजून घ्यावी.

वापरताना दोन गोष्टी. बार नेहमीसारखा न वाजता फुस्स झाला तर लगेच दुसरा काढू नका. बंदूक मोडा, रिकामी करा आणि नळीत बघा. बूच आत अडकले असण्याची शक्यता आहे. आणि चाप ओढूनही बार उडाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. पावसात भिजलेली, फुगलेली काडतुसे अशीच दगा देतात. ती खडकीच्या कारखान्यातली असोत की परदेशी, ओल कोणालाच सोडत नाही.

कायद्याचे थोडे

बंदुकीची साफसफाई परवानाधारकाने करावी. घरातल्या दुसऱ्याने मदत केली तर त्याच्या समोरच. दुरुस्तीला दुसऱ्या कोणाबरोबर पाठवायची तर परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र हवे. परवानाधारक मरण पावला तर बंदूक घरात ठेवून चालत नाही. विलंब न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली तर तो हयातीतही वारसाचे नाव देऊ शकतो. घरात वडीलधारे असतील तर हा विषय वेळेवर काढावा. आम्ही काढला नाही.

शिकारीचा काळ संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे हौसेची शिकार गुन्हा आहे आणि रानडुकराने शेत खाल्ले तरी वन खात्याच्या परवानगीचा कागद लागतो. लग्नात, मिरवणुकीत बार उडवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. नवरदेवाच्या आनंदात कोणाच्या घरात मातम होऊ नये, एवढे कळायला कायद्याची तरी गरज का पडावी?

शेवटी

त्या रात्री भाई शेतावर गेला नाही. डुकरांनी आणखी थोडे भात खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याने नळ्या पूर्ण साफ केल्या आणि गंजाचे कडे दाखवायला बंदूक कारागिराकडे नेली. नळीची भिंत मोजून घेतल्यावरच ती वापरात आली. अब्बांवर कोणी शब्द काढला नाही. त्यांनी घातलेला बोळा जसा त्यांचा होता, तशी उजेडात बघायची शिकवणही त्यांचीच होती, आणि त्या शिकवणीनेच आम्हाला वाचवले.

आता भाई बंदूक पुसायला बसला की अम्मी माजघरातूनच विचारते, "दोन दिसले का?" तो "दोन दिसले" म्हणेपर्यंत ती आपल्या कामाला हात लावत नाही.

ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी आजच ही सवय लावून घ्यावी. विचारायला कोणीतरी असावे आणि बघितल्याशिवाय कोणी उत्तर देऊ नये.